निमिषचा पेला

सईच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तेव्हा हेपेटायटिस सी निघाला. सई आठ वर्षांची. अंगात ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, दिवसभर दूधविनायकाच्या गल्लीत उड्या मारणारी मुलगी.

माझे मोठे दीर, वासुदेवशास्त्री, यांनी रिपोर्ट वाचला नाही. नुसतं नाव ऐकलं आणि त्याच दुपारी सईचा पेला वेगळा केला. ओळखू यावा म्हणून त्याला नेलपॉलिशचा ठिपका लावला. न्यायशास्त्राचे पंडित! प्रमाणावर तासतासभर बोलतात, पण डॉक्टरला एक प्रश्न विचारावा एवढंही प्रमाण त्यांना लागलं नाही.

"भावोजी, हा उष्ट्यानं पसरत नाही, रक्तातून पसरतो," मी सांगितलं.

"ऋता, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. तुझ्या माहेरी विचार."

मी तपासणी करून घेतली. माझ्यात काही नव्हतं. तरीही गणपतीत अथर्वशीर्ष म्हणणाऱ्या मुलांमधून भावोजींनी सईचं नाव काढलं. माझे यजमान मुकुल मान खाली घालून म्हणाले, "जाऊ दे, दादा मोठा आहे." त्या दिवसापासून मला त्यांची मानच दिसते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलीला बाहेर कुठे इंजेक्शनं दिली होती का? आणि मला गल्लीत सुया टोचणाऱ्या मिसिरजींचा बाक आठवला. दोन वर्षांपूर्वी सईला टायफॉइड झाला होता. मिसिरजी ना डॉक्टर, ना कंपाउंडर. पण वासुदेवशास्त्रींना वाकून नमस्कार करायचे, म्हणून आमच्या घरी ते धन्वंतरी. बाकावर सात-आठ पोरं बसलेली असायची आणि सुई एकच, मधूनमधून कोमट पाण्यात बुचकळलेली. सलग सहा दिवस मी सईचा दंड धरून उभी होते. बी.एस्सी. झालेली बाई! दिरांचा मला राग येतो. पण त्या सहा दिवसांची किळस माझी मलाच येते.

मी गल्लीत घरोघर गेले. "मुलांचं रक्त तपासून घ्या," एवढंच सांगत होते. अर्ध्या घरांनी दार लोटून घेतलं. वासुदेवशास्त्री मागून गल्लीतल्या हिंदी शेजाऱ्यांना सांगत फिरले, "बहू का दिमाग ठीक नहीं है."

चौथ्या दिवशी माझ्या जाऊबाई, वासुदेवशास्त्रींच्या पत्नी नंदावहिनी, डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात आल्या. सोबत त्यांचा निमिष, दहा वर्षांचा.

"ह्यांना सांगू नकोस. यालाही मिसिरजींनीच सुया टोचल्या होत्या."

निमिषचा रिपोर्टही तसाच आला, आणि तो दिरांपासून लपून राहिला नाही.

आता गंमत पाहा. निमिषचा पेला वेगळा झाला नाही. निमिष अथर्वशीर्षातही राहिला. संध्याकाळी बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर वासुदेवशास्त्री चार लोकांना समजावत होते, "अहो, मी नीट चौकशी केली. हा रक्तातून जातो, उष्ट्यानं नाही. उगाच घाबरू नये." माझंच वाक्य, शब्दही न बदलता! मी दोन पायऱ्या वर उभी होते. मला हसू आलं. एवढ्या क्षुद्र माणसाच्या मी बारा वर्षं पाया पडत आले होते.

सरकारी दवाखान्यातून दोघांना बारा आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या. सई आणि निमिष रोज सकाळी समोरासमोर बसून, कोण आधी गिळतो अशी पैज लावून त्या घ्यायचे. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. दोघांच्याही रक्तात विषाणू नव्हता.

वासुदेवशास्त्रींनी पेढे वाटले. "माझं अनुष्ठान फळाला आलं," म्हणाले. सईच्या हातावर पेढा ठेवला तेव्हा तिने विचारलं, "मोठेकाका, मग आता मी तुमच्या शेजारी बसू?" ते शाल सावरत दुसऱ्या पाहुण्याकडे वळले.

मिसिरजींचा बाक अजून चालूच होता. मी आरोग्यखात्याला द्यायची तक्रार लिहिली आणि घरातल्यांसमोर ठेवली. मुकुल उठून गॅलरीत गेले. वासुदेवशास्त्री म्हणाले, "बिचारा गरीब ब्राह्मण आहे. त्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?"

नंदावहिनींनी पिठाचे हात पदराला पुसले.

"कुठे सही करायची, ऋता?"

"नंदा!" दीर ओरडले.

"ओरडू नका, पोरं जेवताहेत," त्या म्हणाल्या, आणि एकेक अक्षर जुळवत त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.