कासवं दाखवायचा शब्द

दक्षिणेचा वारा सुटला की आमच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं नसतं, हे दहब गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. प्रवाळाच्या कठड्यात एकच खिंड आहे. स्कुबावाले तिथूनच आत जातात आणि तिथूनच बाहेर येतात. एरवी वारा उत्तरेचा असतो. दक्षिणेचा मात्र लाटा थेट त्या खिंडीत कोंबतो. एक वेळ आत जाता येतं, पण बाहेर येताना कठडा माणसाला सोलून काढतो.

माझा भाऊ औदा स्कुबाचं केंद्र चालवतो. स्वतः पाण्यात उतरून त्याला वर्षं झाली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. वारा फिरायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं एका जर्मन जोडप्याला जेवायला बोलावलं आणि शब्द दिला, उद्या तुम्हाला कासवं दाखवतो. पाहुण्याला दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. मग समुद्रानंच शहाण्यासारखं वागायला हवं, नाही का?

त्यांना घेऊन पाण्यात उतरायचं काम होतं आमच्या धाकट्या बहिणीचं, फ्रेजाचं. पाहुण्यांना पाण्याखाली नेणारी ती आमच्या कबिल्यातली पहिली बाई. त्या परवान्यासाठी तिनं सगळ्या घराची बोलणी खाल्ली होती. मी चहाची झोपडी चालवते, ती किनाऱ्यावरच आहे. सकाळी खिंडीत फेस उसळताना दिसला तसं पाहुण्यांना घेऊन आलेल्या औदाला मी जीपमधून उतरू न देताच सांगितलं, आज नको. फ्रेजाही त्याला म्हणाली, पाणी गढूळ आहे, हाताची बोटं दिसायची नाहीत.

"घाबरलीस तर राहू दे," तो हसत म्हणाला. "घरी जाऊन शेळ्या राख."

पाहुण्यांसमोर भावाला खोटं पाडायचं नाही, म्हणून ती मुकाट्यानं उतरली. मला त्याच्याइतकाच तिचाही राग आला.

परतताना तिनं आधी त्या बाईला खिंडीतून ढकललं, मग नवऱ्याला. मी कमरेइतक्या पाण्यात शिरून दोघांना ओढलं. पुढची लाट फ्रेजावर फुटली आणि प्रवाळानं तिचा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत चिरला. दवाखान्यात टाके घालावे लागले.

संध्याकाळी औदाच्या अंगणात सगळे बसलो होतो. कबिल्यात ज्यांचा शब्द चालतो ते अतीग काकाही आले होते. औदा पाहुण्यांना त्याच्या मोडक्या इंग्रजीत सांगत होता की समुद्र उत्तम होता, पोरीनं खिंड चुकवली, अजून कच्ची आहे, यापुढे तिला घरीच ठेवतो. चहा विकून विकून तेवढं इंग्रजी मलाही कळतं. पाहुणे माना डोलवत होते. फ्रेजा पाय लांब करून खाली बघत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर!

औदानं मला कॉफी दिली. मी लग्न होऊन दुसऱ्या घरची झाले, म्हणजे त्याच्या अंगणात पाहुणीच. मी पेला न पिता खाली ठेवला. पाहुण्यानं असा पेला ठेवला की त्याला काही मागायचं असतं, आणि ते मिळेपर्यंत तो कॉफीला तोंड लावत नाही. बाईनं पेला ठेवल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"पी हमदा," औदा म्हणाला. "घरची माणसं असं करत नाहीत."

"घरची माणसं टाके घालून बसलीत. सकाळी तुला आम्ही काय सांगितलं होतं, ते बोल."

त्यानं काकांकडे पाहिलं. काकांनी आपलाही पेला खाली ठेवला.

मग तो पुटपुटला की वारा दक्षिणेचा होता, दोघी नको म्हणत होत्या, शब्दापायी मीच पाठवलं. पण हे सगळं आमच्या भाषेत. काकांनी पेला उचलला. मी नाही उचलला.

"आता त्यांच्या भाषेत."

"पाहुण्यांसमोर माझी अब्रू घालवतेस?"

"तिची कुणासमोर घालवलीस?"

त्याला सांगावं लागलं. एकेक शब्द दात उपटल्यासारखा बाहेर आला. जर्मन बाई उठून फ्रेजाशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, तुझा पाय बरा होईपर्यंत आम्ही थांबतो, तुझ्याबरोबरच उतरतो.

औदा लगेच सावरला. तोवर मीच नेतो, म्हणाला, उद्या समुद्र छान असेल.

फ्रेजानं मान वर केली.

"उद्याही वारा दक्षिणेचाच आहे," ती आधी आमच्या आणि मग त्यांच्या भाषेत म्हणाली. "उद्या कुणीही उतरणार नाही. तूसुद्धा नाही, औदा."

मी माझी गार कॉफी पिऊन टाकली.