झाकण लावलं की विझणारी ज्योत

ॲरिझोनाच्या त्या वाळवंटात हिवाळा काढायला येणाऱ्यांची एक रीत होती. कुणाच्या चाकांवरच्या घराचं बाहेरचं एखादं झाकण उघडलं, की शेजारीपाजारी आपापल्या घडीच्या खुर्च्या उचलून तिकडे निघायचे. बोलावणं लागत नसे. खुर्ची मांडायची, गुडघे चोळायचे आणि ‘काय झालं?’ असं विचारायचं. पुढचा तासभर प्रत्येकजण त्याचं वेगळं कारण सांगे.

म्हणून बुधवारी सकाळी आर्डिसने फ्रीजमागचं झाकण तिसऱ्यांदा काढलं, तेव्हा ती गपचूप काढत होती. पण पहिला स्क्रू फिरतोय तोवर वेन्डेल खुर्ची घेऊन हजर.

“पुन्हा विझला?” 

“तू गेलास आणि पाव तासात विझला.”

“मी तुला काल सांगितलं होतं, त्याला एकटं करमत नाही.”

वेन्डेल ऑरेगनच्या लाकूड गिरणीत तीस वर्षं वायरमन होता. त्यामुळे गॅसवर चालणाऱ्या वस्तूंबद्दल आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज होता. वाळवंटात विजेची तार नाही. छतावरच्या सौरपाट्या दिव्यापुरत्या. फ्रीज चालायचा तो गॅसवर, मागे तेवणाऱ्या अंगठ्याएवढ्या ज्योतीवर. फ्रीजच्या आत तळाशी वाटाण्याएवढी काच होती. पालथं पडून तिच्यातून पाहिलं की ज्योतीचा निळा ठिपका दिसे. आर्डिसचा नवरा मर्ल रात्री झोपण्याआधी तो पाहायचा आणि म्हणायचा, “घरात सगळे जागेवर आहेत.”

तेवीस हिवाळे दोघं मिळून आले. गेल्या मार्चमध्ये मर्ल इथेच, आपल्या घडीच्या खुर्चीत, दुपारच्या उन्हात गेला. आर्डिसने एकटीने गाडी नॉर्थ डकोटाला नेली, एकटीने हिवाळी घराची बांधाबांध केली आणि आता नोव्हेंबरात, याच रविवारी, एकटीच परत आली. लेकीला ते पटलं नव्हतं. जोलीन तिकडेच फार्गोच्या इस्पितळात नर्स होती, आणि तिचं एकच म्हणणं होतं.

“आई, तुझं इन्शुलिन थंड राहायला हवं. गावातून आणलेल्या बर्फावर नाही, तुझ्या स्वतःच्या फ्रीजमध्ये. ते राहिलं तर एप्रिलपर्यंत खुशाल राहा. नाही राहिलं तर ट्रेलर विकायचा, आणि तू माझ्याकडे.”

जोलीन उद्या दुपारी येणार होती. बरोबर तापमापक आणणार होती.

आर्डिसने झाकण काढलं आणि दोन पालथ्या बादल्यांवर आडवं टाकलं. गेले दोन दिवस तेच त्यांचं टेबल होतं. शेजारची नोर्लीन आलीच, कॅनडातल्या सस्कॅचवनची ही बाई रिकाम्या हाताने कधी येत नसे. आज तिने खजुराच्या वड्या आणल्या होत्या. तिने कॉफीचा थर्मास आणि पेले त्या झाकणावर मांडले.

“आज काय निदान?” तिने विचारलं.

“सोमवारी गाडी कलली होती,” आर्डिस म्हणाली. “चाकाखाली फळी घातली. काल तांब्याची काडी मळली होती.”

“मळलीच होती,” वेन्डेल म्हणाला. “ती काडी ज्योतीत तापली तरच गॅस सुरू राहतो. मी ती आरशासारखी घासली.”

“मग विझला का?”

“आज कोळी असणार. गॅसचा वास कोळ्यांना फार आवडतो. नळीत जाळं करतात.”

“काल तू म्हणालास कोळी नाही.”

“काल नव्हता.”

त्याने नळी काढली, फुंकली, उन्हाकडे धरून पाहिली. कोळी नव्हता. कोळ्याचा पायसुद्धा नव्हता. तरी त्याने ती पुसून बसवली, बटण दाबून धरलं, मनात तीस आकडे मोजले आणि हळूच सोडलं. ज्योत फुरफुरली आणि ताठ उभी राहिली, निळी, देखणी. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. ज्योत हलली नाही.

“बघ,” वेन्डेल म्हणाला.

“कालही असंच बघितलं होतं,” आर्डिस म्हणाली. “लोक बसलेत तोवर गुणी बाळ. झाकण लावून तुम्ही घरी गेलात की डोळे मिटतो.”

“तुझ्यावर गेलाय. तुलाही माणसं लागतात.”

नोर्लीन हसली. आर्डिसही हसली. जोलीनही हेच म्हणायची, फक्त हसत नसे. नॉर्थ डकोटात आर्डिसला एक खोली मिळेल, खिडकीबाहेर बर्फ साचेल आणि कुणी खुर्ची घेऊन येणार नाही.

“झाकण नकोच लावू,” नोर्लीन म्हणाली. “राहू दे उघडं.”

“आणि वाऱ्याने विझला तर? जोलीन आली की पहिलं तेच बघेल.”

वेन्डेलने वडीसाठी हात लांबवला, आणि त्याच्या कोपराने पेला लवंडला. कॉफी झाकणभर पसरली. नोर्लीनने पाय मागे घेतले, वेन्डेलने माफी मागितली, आर्डिस फडकं शोधायला उठली. उठता उठता थबकली.

कॉफी तशीच होती. झाकणाला बोटभर रुंदीच्या आठ फटी होत्या, हवा आत जावी म्हणून. कॉफी खाली पडायला हवी होती. पण ती फटींमध्ये तुडुंब उभी होती, बशीत असावी तशी. बऱ्याच वेळाने एक थेंब वाळूत पडला.

“वेन्डेल, हे गळत का नाही?”

“काय?”

“तू तीन दिवस भिंतीतल्या भोकात डोकं घालून बसलायस. या झाकणाखाली पाहिलंस का?”

त्याने पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. झाकण आधी निघायचं, आणि निघालं की त्याचं टेबल व्हायचं. नोर्लीनने पेले उचलले, आर्डिसने झाकण उलटं केलं. आतून करड्या रंगाचं काहीतरी कडेकडेने नीट चिकटवलेलं होतं. तिने ते नखाने सोडवलं.

ओल्या धुळीचा वास आला. ऑगस्टातला गहू, मळणीचं यंत्र, धान्याच्या कोठारामागची ती जागा, जिथे ट्रेलर उन्हाळाभर उभा असायचा. त्या कोठाराच्या दारात उभा राहून मर्ल डोक्यातला भुसा झटकायचा. आर्डिसने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि मग तिला सगळं आठवलं.

“माझा मोजा आहे,” ती म्हणाली.

“काय आहे?”

“माझा नायलॉनचा मोजा. वसंतात बांधाबांध करताना मी लावला. गांधीलमाश्या आत मातीची घरं करतात म्हणून. मर्ल दरवर्षी तारेची जाळी लावायचा. मला ती जाळी सापडली नाही. मला केवढी हुशारी वाटली होती.”

वेन्डेलने ते चिरगूट हातात घेतलं. भुशाने ते पुठ्ठ्यासारखं झालं होतं.

“म्हणजे झाकण लावलं की त्याचा श्वास कोंडत होता,” तो सावकाश म्हणाला. “आणि आपण उघडं ठेवून तपासत होतो.”

“तीन दिवस,” नोर्लीन म्हणाली. “आणि वर कॉफी पीत होतो.”

“मी हवेचं बोलणारच होतो.”

“तू कोळ्याचं बोलत होतास.”

नोर्लीन इतकी हसली, की तिला खुर्चीचा दांडा धरावा लागला. वेन्डेलने थोडा वेळ आब राखून गंभीर चेहरा ठेवला, मग त्यालाही राहवेना. आर्डिस डोळे पुसत होती, आणि ते अश्रू हसण्याचे होते की आणखी कशाचे, हे तिने तपासलं नाही.

झाकण धुतलं, वाळवलं, लावलं. कुणी घरी जाईना. पाव तासाने आर्डिस आत जाऊन फ्रीज उघडून फरशीवर पालथी पडली. निळा ठिपका. तासाने पुन्हा पाहिलं. खिडकीतून वेन्डेल ओरडला, “आहे का?”

“आहे. जा आता घरी. आम्हाला एकटं राहू दे.”

गुरुवारी जोलीन आली. आईला मिठी मारण्याआधी तिने तापमापक फ्रीजमध्ये ठेवला आणि दार लावलं. मग मिठी मारली. अर्ध्या तासाने तिने दार उघडलं. काटा हिरव्या पट्ट्याच्या मधोमध होता. इन्शुलिनच्या कुप्यांवर दव जमलं होतं.

“कुणी दुरुस्त केला?”

“कॉफीने,” आर्डिस म्हणाली. “सांगते सावकाश.”

जोलीनने तापमापक पुन्हा पाहिला, जणू काटा बदलेल. बदलला नाही.

“एप्रिलपर्यंत,” ती म्हणाली. “पण रोज फोन.”

“रोज.”

एवढ्यात बाहेर स्क्रू फिरल्याचा आवाज आला. शेजारी नोर्लीनच्या घराचं पाण्याच्या पंपाचं झाकण उघडत होतं. वेन्डेल खुर्ची काखेत मारून निघालाच होता. जोलीन दारात जाऊन बघत राहिली.

“आई, तुझ्याकडे आणखी एक खुर्ची आहे का?”

आर्डिसने मर्लची खुर्ची उघडून तिच्या हातात दिली.