वाळकं झुडूप

झिरोकाकांनी चाळीस वर्षं सलून चालवलं. बारीक करा म्हटलं तरी मशीन झिरो नंबरवर, आणि थोडेच कापा म्हटलं तरी झिरो नंबरवरच. दुकान बंद केल्यावरही हात शिवशिवायचे काही थांबेनात, म्हणून ते अधूनमधून बागेवर चालायचे.

बाग खरी काकूंची. दरवर्षी थंडीच्या तोंडावर निळ्या ठिपक्यांची काळी फुलपाखरं कुठून कुठे जाताना तिथे चार दिवस मुक्कामाला उतरायची. यंदा काकू अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि डॉक्टर पुढच्या वर्षाचं नावच काढत नव्हते.

"एवढी फुलपाखरं बघू दे मला," काकू म्हणाल्या, "मग काय व्हायचं ते होवो."

काकांनी खाट खिडकीशी सरकवली आणि पाहुणे यायचेत म्हणून बागेची साफसफाई काढली. खिडकीसमोरचं अर्धमेलं झुडूप सगळ्यात आधी गेलं. त्या जागी टवटवीत फुलांच्या सहा कुंड्या आल्या.

फुलपाखरं मंगळवारी आली. कुंड्यांवरून एक चक्कर मारली आणि सरळ घरामागे गेली.

"झुडूप कुठंय?" काकूंनी विचारलं.

"कापलं. वाळलं होतं."

"अहो, त्या वाळक्या काड्या चोखायलाच तर येतात ती. वीस वर्षं मी ते उगाच ठेवलंय का? मला विचारायचं तरी."

"तू झोपली होतीस."

काका मागे गेले. कचऱ्याच्या ढिगावर झुडूप आडवं पडलं होतं आणि त्यावर पन्नासेक फुलपाखरं मजेत बसली होती. काकांना रडू आलं. ते त्यांनी तिथेच उरकून घेतलं. मग झुडूप उचलून आणलं आणि सलूनच्या जुन्या कापडाच्या चिंध्यांनी खिडकीच्या गजांना बांधलं.

दुपारपर्यंत खिडकी भरून गेली. एक तर आत येऊन औषधाच्या बाटलीवर बसलं. काकू कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझेही केस फार वाढलेत. कापून टाका एकदाचे."

मशीन खणात तेल घालून तयारच होतं. काकांनी खण उघडला, मशीनकडे पाहिलं आणि खण लावून टाकला.

"वाढू देत," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."