बाटलीतली सोजर

माझ्या बायकोच्या, सोजरच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा सुमनताई तिला भेटायला दवाखान्यात आल्या. पिंपरीला त्यांच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुवायचो. ताई तिथं माणसाच्या चरबीच्या पेशी बाटलीत वाढवत होत्या. ऑपरेशनमध्ये चरबीचा तुकडा निघतो, एरवी तो टाकूनच देतात, तो प्रयोगशाळेत नेला तर चालेल का, असं त्यांनी सोजरला विचारलं.

सोजर हसली. "न्या की ताई. पण माझ्या अंगावर चरबी हाय कुठं? डाक्टरला हुडकत बसावं लागंल."

ती तशीच होती. दुष्काळात आम्ही बीडकडून इकडं आलो. मला काम लागलं, निगडीत खोली झाली. तरी पोरांना आणि मला वाढून उरेल तेवढंच ती खायची.

बोराएवढा तुकडा मिळाला. पंधरवड्यात सोजर गेली.

कामावर परत आलो तर माझ्यासोबत बाटल्या धुणारा कोंडीराम म्हणाला, "वहिनी आत उबेच्या कपाटात हायत म्हणं, आन् तू हितं बाटल्या घासतोस." मला हसवायला म्हणाला. मी हसलोही. पण त्यानंतर पेशींच्या बाटल्या ठेवायच्या त्या कपाटावरून माझं लक्ष हटेना. शेवटी ताईंना म्हटलं, "येकदा बघू द्या."

ताईंनी बाटली काढून दुर्बिणीखाली ठेवली. आधी काहीच दिसलं नाही. मग गोल गोल दिसायला लागलं. आमटीवर तेलाचे थेंब तरंगावेत, तसे एकेका पेशीच्या पोटात थेंब चमकत होते.

"आधी लांबट, वाळक्या होत्या," ताई म्हणाल्या. "आता भरल्यात."

"खात्यात?"

"हे लाल पाणी. त्यातच त्यांचं सगळं अन्न."

"ताई, येक डाव मी घालू?"

"भीमराजभाऊ, ही सोजरबाई नाही. आणि या काही कायमच्या टिकणार नाहीत."

"म्हणून तर म्हणतो."

ताईंनी माझे हात स्पिरिटने पुसले, तोंडाला फडकं बांधलं. "बोलायचं नाही हं. तोंडातलं काही आत गेलं तर सगळं नासेल."

काचेची नळी माझ्या हातात, खाली त्यांचा हात. आमच्या लग्नात घास भरवताना बायकांनी अडवलं होतं, तेव्हा मांडवभर ऐकू जाईल असं मी सोजरचं नाव घेतलं होतं. आताही ते ओठांवर आलं. मी दात आवळून धरले. लाल पाणी काचेच्या कडेने हळूहळू उतरलं.

ताईंनी बूच लावलं, बाटली कपाटात आडवी ठेवली आणि दार ओढून घेतलं.

"झालं. सोडा आता फडकं."

मी ते सोडलं नाही. तसाच मोरीवर जाऊन बाटल्या धुवायला लागलो.