म्हशीची कावीळ

पेठ वडगावजवळच्या आमच्या वाडीत त्या दिवशी केरबा महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज कावीळ उतरवत होते. रोग्याच्या तळहाताला 'हिमालयातलं तीर्थ' चोळायचं आणि हात परातीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवायचे. पाणी पिवळंधमक झालं की महाराज गरजायचे, "बघा, रक्तातली कावीळ परातीत आली." लोक आधी पाया पडत, मग परातीचा फोटो काढत.

खालच्या आळीत घराआड एक काविळीचा रोगी होता. अंबूबाईची सून भैरवी सात महिन्यांची गरोदर, डोळे पिवळे, पोटात अन्न ठरेना. अंबूबाईची भाची संयोगिता कोल्हापूरला खासगी विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकत होती. डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून पोरगी संडास मोजायला शिकतेय, असं गावाचं मत. सुट्टीला आलेल्या संयोगितानं भैरवीला बघितलं आणि आजच दवाखान्यात न्यायचा हट्ट धरला. गरोदरपणी ही कावीळ जिवावर बेतू शकते, हे तिला ठाऊक होतं. पण तीन उतारे होईपर्यंत सुई टोचायची नाही, अशी महाराजांची आज्ञा होती. निम्मी कावीळ परातीत आलेली अंबूबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

उपाय खरा की खोटा हे बघायचं तर तो निरोगी माणसावरही करून बघावा, हे संयोगिता वर्गात शिकली होती. तिनं हंबीररावांना पुढं केलं. हा गडी तालमीतला, सकाळीच मटणाचं ताट रिकामं करून आलेला. त्याच्या हाताला तीर्थ चोळून हात परातीत धुतले, पाणी पिवळं. महाराज डगमगले नाहीत. कावीळ आत दडून बसली होती, वेळेवर आलास, म्हणाले. हंबीरराव लगेच पथ्य काय पाळायचं ते विचारू लागले.

मग संयोगितानं आत्याची म्हैस मांडवात आणली. दूध आटलंय, तिचाही उतारा करा, अशी हात जोडून विनंती केली. एवढ्या गर्दीत महाराजांना नाही म्हणवेना. खुराला तीर्थ लावलं, परातीत धुतलं. पाणी पिवळं. सवयीनं महाराजांच्या तोंडून निघून गेलं, "हिलाबी कावीळ हाय."

कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळा मांडव हसू लागला. तेवढ्यात संयोगितानं, विद्यापीठात पाहिलेल्या प्रयोगाप्रमाणे, मांडवामागच्या आंब्याची साल ठेचून तिचा रस काढला. आत्याच्या पानाच्या चंचीतला चुना पाण्यात कालवून वरची निवळी पेल्यात ओतली, तीत रस टाकला. पेला पिवळा झाला. महाराजांचं तीर्थ म्हणजे सालीचा रस आणि परातीतलं पाणी म्हणजे चुन्याची निवळी, हे तिनं सगळ्यांना सांगितलं. महाराज लघुशंकेला म्हणून उठले. थोड्या वेळानं त्यांची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

अंबूबाई मात्र हसत नव्हती.

"मग भैरवीची कावीळ कुठं गेली गं?"

"कुठं न्हाय, आत्ती. तिच्या अंगातच हाय."

म्हातारी तडक भैरवीला आणायला उठली. हंबीररावांनी जीप काढली. दवाखान्यात भैरवीची तब्येत फार बिघडली. डॉक्टरांनी आशेचा शब्द दिला नव्हता. पण ती सावरली आणि पुढं बाळंतही नीट झाली.

अशी कावीळ पाण्यातून पसरते, म्हणून संयोगिता मग घरोघर फिरून कोण कुठलं पाणी पितं ते विचारत सुटली. आजारी घरं सगळी एकाच नळाच्या ओळीवर निघाली. खणून बघितलं, तर फुटका पाइप गटारात बुडालेला. तो बदलला, तोवर गावानं पाणी उकळून प्यायलं, आणि नवे रोगी हळूहळू थांबले.

म्हणून सांगतो, पावणं, कुणी परातीत कावीळ दाखवली तर आधी धडधाकट माणसाच्या हाताला तेच तीर्थ चोळून तीत धुऊन बघा. आणि रोग्याला तिथं रांगेत बसवू नका, दवाखान्यात न्या.