डाव्या हातातला चुडा

अर्धांगाच्या झटक्यानंतर पंधराव्या दिवशी आईने आपलाच डावा हात उजव्या हाताने उचलला, निरखून पाहिला आणि म्हणाली, "यो नेत्राचा हात."

नेत्रा माझी मोठी बहीण. लग्नाच्या वीस दिवस आधी डेंग्यूने गेली, त्याला सहा वर्षं झाली. मी दिपाली, धाकटी, जिवंत, आणि त्या क्षणी आईच्याच खाटेवर बसलेली. मला राग आला. आजारी माणसावर रागावू नये म्हणतात, पण आला खरा.

अंधेरीच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टने, निहारने, मला समजावलं. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नाही, आणि शरीराची, जगाची डावी बाजू तिकडूनच सांभाळली जाते. आईचे डोळे ठणठणीत आहेत, पण डावीकडचं काही तिच्या ध्यानातच येत नाही. म्हणून ती उजवीकडची अर्धीच भाकरी खाते आणि उपाशी ठेवलं म्हणून आमच्यावर डाफरते. हात लुळा पडलाय हेही तिला कळत नाही. मग हा परका हात कुणाचा, याचं उत्तर मेंदूच रचतो.

आईच्या मेंदूला फार लांब जावं लागलं नाही. आम्ही वेसाव्याचे कोळी. आमच्या जुन्या रीतीत लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. चुडा फक्त डाव्या हातात. आई आपला मोकळा उजवा हात बघायची, मग तो हिरव्या बांगड्यांचा हात बघायची आणि हरखून जायची. "लगीन झाला माज्या पोरीचा."

"हात आपला वाटलाच नाही तर त्या तो हलवायला बघणारच नाहीत," निहार म्हणाला. "भाजला, कापला तरी लक्ष जायचं नाही. रोज सांगायचं. आणि तुम्ही डावीकडे बसा, मान वळवायची सवय लागू दे."

मी डावीकडे बसले. म्हणजे आईच्या लेखी मी नव्हतेच. हाक मारली की ती उजवीकडे शोधायची. "दिपाली नाय आली?" रोज विचारायची, आणि मेलेल्या बहिणीचा हात माझ्यादेखत कुरवाळायची. जळले मी. खोटं कशाला बोलू?

दोन महिने निहार तिचा उजवा हात धरून डाव्या खांद्यापासून खाली फिरवत होता. खांदा, कोपर, मनगट, बांगड्या, बोटं. परवा ती बांगड्यांपाशी थांबली.

"माजा," ती हळूच म्हणाली.

निहारने टाळी वाजवली. मीही हसले, जिंकल्यासारखी.

"मंग नेत्रा?" आईचा उजवा हात चादर चाचपू लागला. "आता तर हितं व्हती. कुठं गेली माजी बाय?"

हात कुणाचा, या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दोन महिने घोकून घेतलं होतं, या दुसऱ्याचा विचार कुणीच केला नव्हता. आई उशीखाली हात घालून शोधायला लागली. मला ते बघवेना.

माझंही लग्न झालंय. मी माझा डावा हात, हिरव्या बांगड्यांसकट, तिच्या उजव्या हातात दिला. तिने तो घट्ट धरला, गालाला लावला.

"मगाशी गार व्हता," ती म्हणाली. "आता कशी ऊब आली बग."

मग तिने निहारला विचारलं, "दिपाली आज पन नाय आली?"

तो माझ्याकडे बघून काही बोलणार, तोच मी मानेनंच नको म्हटलं.

"उद्या येईल, मावशी," तो म्हणाला.