तिसरी तार

मावशीला राग यायला फारसं निमित्त लागत नसे. तिच्या दुकानात येणाऱ्या सगळ्या वाजवणाऱ्यांना हे माहीत होतं. अँप्लिफायरवर कोणी चहाचा कप ठेवला की ती भडकायची. माइक तळहातावर आपटून "हॅलो हॅलो" केलं की भडकायची. आणि "बहुतेक फ्यूजच गेला असेल" असं कोणी म्हणालं, तर पेचकस त्याच्या हातात देऊन सांगायची, मग तुम्हीच करा, मी वाजवते. सख्खी मावशी ती एकाचीच, पण त्या एकाच्या तोंडून ऐकून ऐकून सगळ्यांचीच मावशी झाली होती.

तो एक म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. केस खांद्याखाली उतरलेले, म्हणून घरात त्याला झिपऱ्या म्हणायचे. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झाला तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. त्याचा चौघांचा रॉक बँड होता. गाणी स्वतःची, नवी कोरी. आवाज मात्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा. काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर, टेपवरचं रेकॉर्डिंग, झाडूसारख्या रुंद पायांच्या पँटी. आमच्या आवाजात एकही चिप नाही, असं ते पोस्टरवर छापायचे. गिटार सुरात लावायला फोन लागायचा, पण फोटो काढताना तो खिशात जायचा. मावशीला याचं हसू यायचं. तरी त्यांचा आवाज तिला मनापासून आवडायचा. व्हॉल्व्ह तापले की गिटारला जी ऊब चढते ती तिच्या लहानपणापासून ओळखीची होती. दुकान तिच्या वडिलांचं. अण्णांनी तिथे रेडिओ दुरुस्त केले होते.

तिला खटकायचा तो मामा. बँडच्या प्रत्येक मुलाखतीत मामा हटकून असायचा. मामा म्हणजे मावशीचा दादा, झिपऱ्याच्या जन्माआधी बारा-तेरा वर्षं गेलेला. त्याचाही बँड होता. त्याचं तपकिरी कॉर्डुरॉयचं जाकीट थोरलीने जपून ठेवलं होतं आणि झिपऱ्या ते घालून गायचा. गेल्या महिन्यात पेपरात त्याचं वाक्य ठळक छापून आलं होतं: मामा बाविसाव्या वर्षी स्टेजवर गाता गाता हार्टने गेला, कलाकाराला याहून सुंदर मरण कुठलं? मावशीने ते दुकानात बसून वाचलं, पेपराचा बोळा केला आणि दिवसभर कोणाशी धड बोलली नाही. झिपऱ्यालाही तिने काही म्हटलं नाही.

मंगळवारी अकराच्या सुमाराला बँडची ड्रमर दुकानात आली. ही मुलगी एरवी बालवाडीत शिकवायची, त्यामुळे तिला सगळं नीट समजावून सांगायची सवय होती. दुरुस्तीला टाकलेला, आवाज घुमवणारा इकोचा डबा न्यायला ती आली होती. एका बंद पडलेल्या छापखान्यात त्यांच्या गाण्याच्या व्हिडिओचं शूटिंग चाललं होतं आणि डबा दुपारच्या आत हवा होता. मावशी डबा कागदात गुंडाळत असताना ती सहज बोलून गेली की दोन्ही अँप्लिफायर आता कसे अगदी ओरिजिनल दिसतात, त्या करड्या वायरी काढून टाकल्यामुळे.

मावशीचे हात थांबले. कुठल्या करड्या वायरी, असं तिने विचारलं.

तीन महिन्यांपूर्वी मावशीनेच दोन्ही अँप्लिफायरना तीन पिनांच्या वायरी घातल्या होत्या. जुन्या अँप्लिफायरला दोनच पिना असतात, अर्थिंगची तिसरी तार नसते. शिवाय आत एक लहानसा कंडेन्सर विजेच्या लाइनवरून थेट लोखंडी खोक्याला जोडलेला असतो. तो म्हातारा होऊन गळायला लागला की वीज खोक्यावर येते, खोक्यावरून गिटारच्या तारांवर आणि तिथून वाजवणाऱ्याच्या बोटांवर. त्याने दुसरं काही धरलेलं नसेल तर नुसत्या मुंग्या येतात. पण त्याच वेळी ओठ माइकला टेकले, तर ती वीज छातीतून वाट काढते. मावशीने तो कंडेन्सर उपटून कचऱ्यात टाकला होता, अर्थिंग जोडलं होतं आणि झिपऱ्याला दोनदा बजावलं होतं की याला हात लावायचा नाही.

ड्रमरने सगळं सांगितलं. व्हिडिओत ती जाड वायर फार नवी दिसते, म्हणून झिपऱ्याने सुताचं वेष्टन असलेली जुनी दोन तारांची वायर बसवली होती. कुणा जुन्या वस्तू जमवणाऱ्याकडून तसलाच कंडेन्सर मिळवून तोही परत डकवला होता. अर्थिंगने आवाज मरतो, असं त्याचं मत होतं. परवा गाताना त्याच्या ओठाला झिणझिण्या आल्या तेव्हा सगळे हसले होते.

"तो म्हणाला, मामालाही असंच होत असणार," ड्रमर म्हणाली.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने टेबलावरून मिळेल ते पिशवीत कोंबलं, शटर ओढलं आणि ड्रमरला म्हणाली, स्कूटर काढ. वाटेत झिपऱ्याला तीन वेळा फोन लावला. तो अर्थात बंद होता, चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्या खिशात फोन नसायचे म्हणून.

छापखान्यात दहा-बारा माणसं होती. यंत्रं हलवलेल्या जागी फरशीवर तेलाचे काळे चौकोन उरले होते. मोठे दिवे लावून हॉल पिवळाधमक केला होता आणि मधोमध झिपऱ्या उभा होता, अंगात ते जाकीट, गळ्यात गिटार, समोर जुना लोखंडी माइक. दोन्ही अँप्लिफायर तासाभरापासून तापत होते. दिग्दर्शक सगळ्यांना शांत राहायला सांगत होता. मावशी कॅमेऱ्याच्या समोरून चालत गेली, भिंतीपाशी वाकली आणि दोन्ही प्लग ओढून काढले.

आधी कोणाला काही कळलं नाही. मग दिग्दर्शक अतिशय सभ्यपणे म्हणाला की बाई, शूटिंग चाललंय. मावशी त्याला म्हणाली, दिसतंय मला. झिपऱ्या लालबुंद झाला होता. तिच्याजवळ येऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, सगळ्यांसमोर नको. घरी बोलू."

"गिटार काढून त्या खुर्चीवर ठेव. आणि लांब हो."

लहानपणापासून तो या आवाजाला घाबरत आला होता. त्याने गिटार काढली. मावशीने प्लग परत लावले आणि पिशवीतून होल्डर काढला. त्याला पंधरा वॅटचा एक बारका बल्ब होता आणि दोन मोकळ्या तारा. एक तार तिने गिटारच्या तारांना चिमट्याने लावली. दुसरी, प्लास्टिकच्या मुठीला धरून, माइकच्या जाळीला टेकवली.

बल्ब लागला. झगझगीत नाही, पिकलेल्या संत्र्यासारखा. पण लागला.

हॉलमध्ये कोणीतरी "बापरे" म्हणालं. मावशीने तो दहा-बारा सेकंद तसाच पेटता धरला, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून. मग प्लग काढले. एवढ्यावर ते थांबलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण झिपऱ्या ओशाळला होता, आणि ओशाळलेला माणूस गप्प बसत नाही. तो म्हणाला, "त्या काळात कुठे होतं हे अर्थिंगबिर्थिंग? मामा असाच गायचा ना?"

एक्केचाळीस वर्षं गिळलेलं तिच्या तोंडाशी आलं.

"मामा असाच गेला," ती म्हणाली. "हार्टबिर्ट काही नव्हतं. हात गिटारवर, ओठ माइकला. आणि गाता गाता नाही गेला तो. तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. अंग आवळून आलं की सोडता येत नाही रे. लोकांना वाटलं मुद्दाम करतोय. टाळ्या वाजवल्या त्यांनी. मला स्विच सापडेपर्यंत वाजवत होते."

झिपऱ्याने विचारलं की हे त्याच्या आईला माहीत आहे का.

"सगळ्यांना माहीत होतं. अर्थिंग होतं त्या अँपला, अण्णांनीच जोडलेलं. त्या दुपारी ती तार त्यांनीच कापली. अँप घुमत होता म्हणून दादाने कापायला लावली. मी उजेडाला बॅटरी धरून उभी होते."

शूटिंग तिथेच संपलं. मावशीने दोन्ही अँप्लिफायरच्या वायरी मुळापासून छाटल्या, पिशवीत टाकल्या आणि कोणाकडे न बघता बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. वाईट वाटावं, रडू यावं, असं काहीच होत नव्हतं. नुसता राग होता, आणि तो नक्की कोणावर हे तिला ठरवता येत नव्हतं. टाळ्या वाजवणारे, अण्णा, दादा, सगळे रांगेने डोळ्यांसमोर येत होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय न उघडतंय तोच थोरली आली. पासष्टीची बाई, गुडघे दुखतात म्हणून एरवी एक जिना चढायची नाही, ती दोन बस बदलून आली होती. स्टूल पुढे केलं तरी बसली नाही.

"अण्णांना तू चारचौघांत खुनी ठरवलंस."

"मी तार कापली एवढंच म्हणाले. खुनी तू म्हणतेयस."

थोरलीने मग सगळं काढलं. डॉक्टर अण्णांचे स्नेही होते, त्यांनी हार्ट असं लिहून दिलं, म्हणून अण्णा पुढची तीस वर्षं जगू शकले. आईने देवाची शपथ घालून दोघींना गप्प केलं होतं, ती शपथ हिने मोडली. तीही परक्या पोरांसमोर. मेलेल्या अण्णांची बाजू आता कोण मांडणार होतं?

मावशी म्हणाली की ती तीस वर्षं थोरलीने बघितलीच नाहीत. ती वर्षभरात लग्न करून गेली आणि सासरहून पत्रं पाठवत राहिली. अण्णांनी त्या दिवसानंतर कधी सोल्डरिंगचं आयर्न हातात धरलं नाही. गिऱ्हाइकं रेडिओ घेऊन यायची आणि ते नुसते बघत बसायचे, म्हणून सोळाव्या वर्षी ती धंद्याला बसली. अण्णांच्या समोरच्या स्टुलावर, रोज. त्या दोघांनी त्या दुपारबद्दल एक शब्द काढला नाही. तिला काय, चीड येत नव्हती?

"मी माझ्या मुलाला एक चांगला मामा दिला," थोरली म्हणाली.

"त्या चांगल्या मामापायी तो काल मेला असता."

थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं की मावशीला वाटलं, आता ही हात उगारते. पण ती वळली आणि एकेक पायरी धरत उतरून गेली. हात द्यायला जावं असं मावशीला वाटलं, पण ती गेली नाही.

दोन आठवडे झिपऱ्याचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी टेम्पोतून दोन्ही अँप्लिफायर उतरले आणि मागून तो आला, साध्या शर्टात. त्याने एकेक उचलून टेबलावर ठेवला. मावशीने पेचकस घेतला. माफी मागायला आलाय, असं समजून ती थोडी मऊ झाली होती.

तो माफी मागायला आलाच नव्हता.

"पेपरात मी ते सुंदर मरण वगैरे बोललो ते तू वाचलं होतंस?" त्याने विचारलं.

ती हो म्हणाली.

"तीन महिन्यांपूर्वी अर्थिंग जोडलंस तेव्हा नुसतं म्हणालीस, हात लावू नको. का ते सांगितलं असतंस तर मी लावला असता? आईने खोटं सांगितलं, ठीक आहे, ती आई आहे. तू तर रोज विजेत हात घालतेस. तुला कळत होतं. मी एका खोट्या माणसाचं जाकीट घालून फिरत होतो आणि तू बघत बसलीस."

मावशीने तोंड उघडलं. शपथेचं सांगावं, आईचं सांगावं, अण्णांचं सांगावं. पण अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आई तर त्यांच्याही आधी गेली होती. यातलं एकही कारण तिला स्वतःलाच पटेना. तिने हातातला पेचकस खाली ठेवला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे दोन शब्द या दुकानात कोणी तिच्या तोंडून ऐकले नव्हते.

झिपऱ्याचा राग तेवढ्याने गेला नाही. तो उभ्याउभ्याच प्रश्न विचारत राहिला आणि तिने एकही टाळला नाही. किती वाजता झालं, कुठलं गाणं चाललं होतं, अण्णा कुठे होते. अण्णा पहिल्या रांगेत होते. स्टेजवर चढताना ते पडले आणि त्यांचा चष्मा फुटला. हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी तो बसला आणि त्याने विचारलं, "चांगला गायचा का?"

मावशीने विचार केला.

"बरा गायचा. वरच्या पट्टीत घसरायचा. आणखी दहा वर्षं मिळाली असती तर चांगला झाला असता."

झिपऱ्याने डोळे पुसले आणि मग विचारलं, कंडेन्सर काढायचा कसा ते मला दाखवशील का. तिने आयर्न तापत ठेवलं. सोल्डरचा पहिला डाग सोडवताना त्याने बोट भाजून घेतलं आणि ती त्याच्यावर खेकसली.

व्हिडिओ महिन्याभराने दुसऱ्या जागी झाला. करड्या वायरी त्यात स्पष्ट दिसतात आणि त्याखाली लोक कुत्सितपणे लिहितात की हे कसले जुने, वायरी तर नव्या आहेत. एका मुलाखतीत झिपऱ्याने मामा विजेच्या धक्क्याने गेला, तार आजोबांनी कापली होती, असं सरळ सांगितलं आणि पुढच्या प्रश्नावर गेला. ते ऐकून थोरली त्याच्याशी चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी बोलली. मावशीला मात्र तिने अजून फोन केलेला नाही. मावशीनेही केलेला नाही.